भंगारात न गेलेली ‘गुलदार’

हैदराबादच्या गौलीगुड्यात, मुसी नदीच्या काठाशी, निजामाच्या काळातलं एक लोखंडी हँगर उभं होतं. अर्धगोल छपराचं, लांबूनही ओळखू येणारं. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली आणि पुढे हेच हँगर शहराचं मुख्य बसस्थानक झालं. नांदेड-लातूरकडून बसने येणारा मराठी माणूस हैदराबादेत पहिलं पाऊल टाकायचा तो याच छपराखाली. १९९४ मध्ये इमलीबनचं नवं प्रशस्त स्थानक झालं, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या आणि हँगर शहर बसगाड्यांपुरतं उरलं. ५ जुलै २०१८ च्या पहाटे ते सबंध कोसळलं. धोका ओळखून ते आधीच बंद केलं होतं, म्हणून माणसं वाचली.

लोखंड कामावर असतं तोवर त्याला कोणी ना कोणी रंग देतं, गंज खरवडतं, रिबिटा ठोकून बघतं. कामावरून उतरलं की हा खर्च कोणी करायचा, या प्रश्नापाशी गाडी अडते. जमिनीवरच्या हँगरची ही गत, तर खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाची काय असेल? महाराष्ट्राने हा धडा दोनदा, तोही चांगलाच महागात, गिरवला आहे. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात जुनी युद्धनौका बुडवून तिथे डायव्हिंगचं ठिकाण उभं करायची योजना आज चर्चेत आहे. ती नीट कळायला हे दोन धडे आधी पाहावे लागतात.

पहिला धडा ‘विक्रांत’चा. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं. शाळांच्या सहली आल्या, राज्याचा कायमस्वरूपी स्मारकाचा संकल्प वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत छापून येत राहिला. दरम्यान जहाजाच्या बुडाचा पत्रा पातळ होत होता. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव झाला आणि दारुखान्यातल्या भंगारवाल्यांनी गॅस कटर लावले. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलच्या टाकीत गेला. लोकांनी ती मोटारसायकल अभिमानाने विकत घेतली, हे खरं. पण स्मारक म्हणून ते थोडकंच.

दुसरा धडा जास्त बोचरा, कारण त्यात निवतीचं नाव होतं. ‘विराट’ ही विमानवाहू नौका मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला: २२६ मीटर लांबीची ही नौका निवती रॉकजवळ, किनाऱ्यापासून सुमारे सात सागरी मैलांवर, तळाशी काँक्रीटने पक्की करायची आणि तिच्यावर संग्रहालय, सागरी प्रशिक्षण, साहसी जलक्रीडा, हॉटेल असं सगळं एकदम उभारायचं. पैसा खासगी भागीदारीतून येणार होता. तो आला नाही. २०१९ मध्ये केंद्राने नौका भंगारात काढायचं जाहीर केलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्याला लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली खरी, पण एप्रिलमध्ये प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं तोवर बरीचशी नौका कापून झाली होती. खरं पाहता उघड्या समुद्रात, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या थेट तोंडी, एवढं अवाढव्य धूड पाण्यावर उभं ठेवायचं म्हणजे दर पावसाळ्यानंतर दुरुस्तीचं बिल. ते गणित मंजुरीच्या दिवशीही जुळत नव्हतं.

आता निवतीत बुडवायची ठरलेली ‘गुलदार’ त्या मानाने पोरसवदा. लांबी ८४ मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम दहा मीटर. पोलंडमधल्या ग्डिनियाच्या गोदीत बांधलेली ही नौका डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणं हे तिचं काम. त्यासाठी तिचं बूड सपाट, नाकाडापाशी उघडणारा दरवाजा, त्यातून वाळूवर पडणारा उतार, आत रणगाड्यांसाठी सलग मोकळा डेक. इंजिन आणि तोफा बाजूला ठेवल्या, तर ही एक लांबोडकी बार्जच. गोव्यात मांडवीवरून खनिज वाहणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना तिची घडण चटकन ओळखू येईल.

‘चीता’, ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ या एकाच वर्गातल्या तिघी १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला एकत्रच निवृत्त झाल्या. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात त्या कामाला होत्या, २००४ च्या त्सुनामीनंतर मदत घेऊन गेल्या. तिघींनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल अंतर कापलं आणि तेराशेहून जास्त वेळा किनाऱ्याला भिडून सैनिक उतरवले. किनाऱ्यावर मुद्दाम चढायचं आणि परत निघायचं, हे बाकीच्या कुठल्याही कप्तानाला शिकवलेलं असतं त्याच्या नेमकं उलट. तेव्हा आयुष्यभर तळाला बूड टेकवत आलेली नौका शेवटी तळावर बसवायला निवडली गेली, यात औचित्य आहे. सपाट बुडामुळे ती सरळ बसण्याची शक्यताही जास्त.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला नौदलाने ‘गुलदार’ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिली. केंद्राने या प्रकल्पासाठी ४६.९१ कोटी मंजूर केले. कारवारहून तिला ओढत आणलं ते विजयदुर्गच्या बंदरात, साफसफाईसाठी. ‘विराट’च्या ८५२ कोटींशेजारी हा आकडा ठेवून पाहिला की धोरणात काय बदललं ते दिसतं. पाण्यावर उभी करून मिरवायची हौस सुटली. पाण्याखाली रंग द्यावा लागत नाही.

विजयदुर्गला तिने थांबावं, हा योगायोगही चांगला जमला. फेब्रुवारी १७५६ मध्ये याच बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या मारात जळून गेलं. समुद्रातून वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि त्यांच्या जोडीला स्वतः पेशवे. ही जोडी कशी जमली हे मराठी माणसाला आजही नीट पचत नाही. किल्ल्यापासून जवळच पाण्याखाली एक दगडी भिंत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाहणीत तिची लांबी १२२ मीटर, उंची ३ मीटर, रुंदी ७ मीटर भरली. शत्रूची जहाजं आपटून फुटावीत म्हणून ती रचली, असं कोकणात सांगतात. ती कोणी आणि कधी रचली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहीही असो, त्या दगडांत मासळी पिढ्यानपिढ्या राहते आहे.

बुडालेलं जहाज आणि समुद्राचा तळ यांची सोयरीक कोकण-गोव्याला नवी नाही. गोव्याच्या सेंट जॉर्ज रीफवर याच समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना छपराच्या कौलांचा ढीग सापडला. कौलांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५ हे साल ठसठशीत उठलेलं. म्हणजे आपल्याकडे घरोघरी चढलेली मंगलोरी कौलं नेणारं एक जहाज तिथे फुटलं होतं. लाकूड किड्यांनी खाल्लं, कौलं राहिली. सुंची रीफवर तर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत, आणि पाणघोड्याचे दात.

मुद्दाम जहाज बुडवण्याची या पट्ट्यातली सगळ्यात नाट्यमय घटना मात्र मुरगावची. दुसऱ्या महायुद्धात गोवा तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात असल्याने एरेनफेल्स, ड्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगावला आसरा घेऊन थांबली होती. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा इंग्रजांचा संशय. तटस्थ बंदरात नौदल धाडता येईना. मग कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले काही मध्यमवयीन व्यापारी आणि कारकून गोळा केले, ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी एक जुनी बार्ज द्वीपकल्पाला वळसा घालून आणली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री मंडळी मुरगावला पोचली. हल्ला झाल्याबरोबर एरेनफेल्सच्या खलाशांनी जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तळाच्या झडपा उघडल्या. ते पाहून बाकीच्या तिघांनीही आपापली जहाजं बुडवली. इंग्रजांनी हा कारभार १९७८ पर्यंत दाबून ठेवला. दोन वर्षांनी त्यावर ‘द सी वूल्व्ज’ हा सिनेमाही निघाला.

त्या बुडवण्यात आणि ‘गुलदार’च्या बुडवण्यात फरक आहे तो तयारीचा. घाईत बुडवलेलं जहाज तेल, रंग, तारा, जे काही पोटात असेल ते सगळं घेऊन तळाला जातं. ठरवून बुडवायच्या जहाजातून इंधन आणि वंगण काढून टाक्या धुवाव्या लागतात, जुन्या तारांमधली विषारी रसायनं, अ‍ॅस्बेस्टस, सुटे होऊ शकणारे पत्रे आणि दरवाजे बाहेर काढावे लागतात. मग डेकला आणि बाजूंना मोठी भोकं पाडतात. त्यांचे उपयोग दोन: पाणी भरताना हवा कोंडून जहाज कलंडू नये, आणि पुढे आत शिरलेल्या डायव्हरला कुठूनही उजेड दिसावा. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली तेव्हा बुडायला ३७ मिनिटं लागली. तिच्या सफाईत आणि परवानग्यांत मात्र वर्षं गेली.

तयारी करूनही फसगत होते. फ्लोरिडातच की लार्गोजवळ ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाची नौका बुडवायची होती. तीही ‘गुलदार’सारखीच सैन्य उतरवणारी, पण १५५ मीटरची. १७ मे २००२ रोजी ती ठरल्या वेळेच्या आधीच बुडायला लागली, उलटी झाली आणि नाकाड पाण्याबाहेर काढून तशीच राहिली. तीन आठवडे खटपट केल्यावर ती कुशीवर पडली. डायव्हर तशाच आडव्या नौकेवर जाऊ लागले. २००५ च्या जुलैत डेनिस नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्याने ती सरळ उभी केली. कंत्राटदारांना जे साधलं नाही ते वादळाने फुकटात केलं, हे गमतीचं; पण हजारो टनांची नौका वादळ हलवू शकतं, ही गोष्ट अरबी समुद्रात काही बुडवणाऱ्याने उशाशी लिहून ठेवावी.

बुडवलेल्या जहाजाचं खडप, म्हणजे मासळीला आसरा देणारा खडक, होतं कसं? कोकणच्या किनाऱ्यालगत तळ बराचसा वाळूचा आणि गाळाचा. शैवालाला, कालवांना, मृदू प्रवाळाला चिकटायला घट्ट जागा लागते, ती वाळूत नाही. लोखंडी पत्रा पाण्यात गेला की काही दिवसांत त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर येतो, त्यावर शैवाल, मग कालवं आणि शिंपले, मग स्पंज. छोटे मासे भोकाभोकांत लपतात, त्यांच्यामागे गोबरा, तांबोशी येतात, सांदीत शेवंड बसते. खडपावर जाळं टाकायचं नाही, खडपाच्या कडेला गरी टाकायची, हे निवतीच्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

पण इथे एक मेख आहे. नव्या खडपावर दिसणारी मासळी तिथे वाढलेली असते, की आसपासची तिथे गोळा झालेली? यावर शास्त्रज्ञांत अनेक दशकं वाद आहे. नुसतीच गोळा होत असेल, तर जहाज बुडवणं म्हणजे मासे पकडणाऱ्यांना पत्ता कळवणं. आणि काहीही टाकलं की खडप होतं, हा समजही महाग पडतो. फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ पासून सुमारे वीस लाख जुने टायर एकत्र बांधून समुद्रात टाकले. बांधणारे पट्टे गंजून तुटले, टायर सुटले आणि लाटांबरोबर लोळत जाऊन शेजारचं खरं प्रवाळ घासून काढलं. ते टायर वर काढायचं काम २००७ पासून सुरू झालं.

निवतीच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं, कारण तिथला समुद्र रिकामा नाही. जवळच्या वेंगुर्ला रॉक्सच्या कपारींमध्ये पाकोळ्यांची मोठी वस्ती आहे, लाळेने घरटी बांधणाऱ्या त्याच त्या पाकोळ्या. सिंधुदुर्गाच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहे, याची नोंद शास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच केली होती. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचं २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांना ते विश्वासात न घेता लादलेलं वाटलं आणि तो राग अजून निवलेला नाही. पुढे तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी राहिली. मालवणातले गाबीत पोरगे, ज्यांचे आजे रापण ओढायचे, ते पर्यटकांचा हात धरून त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर मासे दाखवू लागले.

ते डायव्हिंग उथळ पाण्यातलं, मार्गदर्शकाच्या हातातलं. बुडालेल्या जहाजावरचं वेगळं, आणि तिथे वहीत गणित मांडल्याशिवाय उतरता येत नाही. समजा जहाज २० मीटरवर आहे. तिथे दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस खाली ६० लिटर घेतो. १२ लिटरचा टँक २०० बारला भरला की हवा २४०० लिटर. म्हणजे कोरड्या हिशेबाने ४० मिनिटं. पण शेवटचे ५० बार हातचे राखायचे असतात, मग उरली ३० मिनिटं, आणि त्यातच खाली जाणं, वर येणं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं. २० मीटरला सक्तीचा थांबा न घेता वर येता येईल अशी मर्यादा प्रचलित तक्त्यांत ४५ मिनिटांची आहे, म्हणजे शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनच्या मर्यादेआधी हवाच संपते. जहाजाच्या आत शिरायचं असेल तर तिसऱ्या हिश्शाचा नियम: एक हिस्सा जाताना, एक येताना, एक अडचणीसाठी. ८०० लिटरमध्ये तेरा मिनिटं, की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. ‘गुलदार’चा रणगाड्यांचा डेक सलग आणि मोकळा आहे. डायव्हरला आत ओढणारी जागा तीच, कारण आत जाणं फार सोपं वाटतं.

‘स्पीगल ग्रोव्ह’वर मार्च २००७ मध्ये काही अनुभवी डायव्हर दोरी न लावता आत शिरले. आतला गाळ ढवळला गेला, समोरचा हात दिसेना आणि बाहेर यायची वाट सापडली नाही. तिघे गेले. कोकणात गाळ फ्लोरिडापेक्षा जास्त, त्यामुळे बीळ उघडं दिसलं तरी रील आणि दिवा नसेल तर बाहेरूनच फिरावं. खुल्या पाण्याचं पहिलं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच चालतं, हेही ‘बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांना ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट फक्त इथलीच. डायव्ह करून लगेच विमानात बसू नये, सलग डायव्ह केले असतील तर किमान अठरा तास थांबावं, हे बहुतेकांना माहीत असतं. गाडीने घाट चढण्याचा विचार कोणी करत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दुपारी दोन डायव्ह आणि संध्याकाळी बेळगावला निघून आंबोलीत मक्याचं कणीस, हा बेत शरीरातल्या नायट्रोजनला मानवणारा नाही. मुक्काम वेंगुर्ल्यालाच करावा.

हंगामाचा हिशेब सोपा आहे. मे अखेर ते ऑगस्ट अखेर जलक्रीडा बंद. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ बसायला ऑक्टोबर जातो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी सगळ्यात नितळ. हेच महिने मासेमारीचेही. बुडालेलं जहाज ट्रॉलरच्या जाळ्यांना अडथळा, आणि त्यावर अडकून फाटलेलं जाळं तिथेच वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. अशा जाळ्यात डायव्हरही गुंततो, म्हणून सुरी सोबत ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे ‘गुलदार’भोवती बोया कुठे बांधायच्या आणि किती अंतरात जाळं टाकायचं नाही, ही रेषा निवती, भोगवे, कोचऱ्याच्या मच्छीमारांबरोबर बसूनच आखावी लागेल. १९८७ मध्ये मालवणात ती तशी आखली गेली नव्हती.